पाळकसाहेबांसाठी प्रार्थना झाली, पुढे काय?

आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक पद्धत आहे. रविवारच्या उपासनेत कोणीतरी उभे राहून प्रार्थना करतो की प्रभूने आमच्या पाळकसाहेबांना बळ द्यावे, आरोग्य द्यावे, त्यांच्या कुटुंबाच्या गरजा भागवाव्यात. सगळे मोठ्याने आमेन म्हणतात. दानाची थैली फिरते, आशीर्वचन होते आणि लोक घरी जेवायला जातात. गरजा भागवण्याचे काम प्रभूकडे सोपवून झालेले असते. त्यामुळे पुढच्या रविवारपर्यंत ते कोणाच्याच अंगावर पडत नाही.

हे वाचून काहींना राग येईल. येऊ द्या. प्रार्थनेच्या विरुद्ध मी नाही, रोज करते. पण जे काम आपल्या हाताने होण्यासारखे आहे ते देवाच्या नावावर ढकलून मोकळे होणे याला मी प्रार्थना म्हणत नाही. शाळेत असे करणाऱ्या मुलाला आम्ही कामचुकार म्हणत होतो.

मी काही धर्मशास्त्र शिकलेली नाही. मराठी माध्यमातून बी.ए. केले, पस्तीस वर्षे शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला आणि निवृत्त होऊनही आता बरीच वर्षे झाली. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर म्हणायचे) जन्म गेला. या काळात आमच्या मंडळीत आलेले आणि गेलेले पुष्कळ पाळक पाहिले. कोणी विद्वान होते, कोणी साधे होते, एकदोघे तापट होते. त्यांच्यात एक गोष्ट मात्र सारखी होती. जाताना सगळे येतानापेक्षा थकलेले होते, आणि त्याचे कारण आपण कधी शोधले नाही.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगते. पाळक म्हणजे रविवारी तासभर बोलणारा माणूस असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात त्याच्याकडे एका चर्चबरोबर आसपासच्या चार-सहा वाड्यावस्त्याही असतात. आठवड्यातून दोन-तीन घरगुती प्रार्थनासभा, दवाखान्यातल्या भेटी, बाप्तिस्मे, लग्ने, प्रेतक्रिया. शिवाय चर्चचे गळके छप्पर, वीजबिल, कबरस्तानाच्या जागेचा वाद, कोर्टाची तारीख, कोणाच्या मुलाला हवा असलेला दाखला, भाऊबंदकीतले भांडण आणि दारुड्या नवऱ्याची समजूत. रात्री दोन वाजता कोणाच्या घरी कोणी गेले की पहिला फोन त्याला जातो, आणि तो जातो. त्याच्या स्वतःच्या घरी असे काही झाले तर कोण जातो, याचा जरा विचार करून पाहा. इतर मंडळींचे पाळक जातात. आपण फार तर तिसऱ्या दिवशी हार घेऊन जातो आणि जाता जाता रविवारच्या उपासनेचे काय ते विचारतो.

आता पगाराचे बोलते. हा विषय काढला की लगेच कोणीतरी म्हणते, "बाई, ही सेवा आहे, नोकरी नाही."

ठीक आहे. मग माझी शिक्षकी ही सेवा नव्हती का? आम्हालाही शिक्षकदिनी हेच ऐकवले जायचे. पण त्याबरोबर आम्हाला वेतनश्रेणी होती, भविष्यनिर्वाह निधी होता, किरकोळ रजा होती, वैद्यकीय रजा होती. १९८१ ची खाजगी शाळांची सेवाशर्ती नियमावली होती, म्हणजे मुख्याध्यापकांच्या मनात आले म्हणून उद्यापासून येऊ नका असे कोणी म्हणू शकत नव्हते. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि आज पेन्शनवर स्वाभिमानाने जगते आहे. एवढे सगळे मिळाले म्हणून माझ्या सेवेतला भाव कमी झाला असे मला तरी आठवत नाही. उलट महिन्याची काळजी नव्हती म्हणून वर्गात लक्ष लागत होते. सेवा या शब्दाचा अर्थ फुकट असा कोणत्या शब्दकोशात दिला आहे?

माझ्या निवृत्तीच्या आगेमागेच आमच्या परिचयाचे एक पाळकसाहेब निवृत्त झाले. मंडळीचे नाव सांगत नाही, कारण स्वतःच्या मंडळीचे नाव घालून वाचले तरी पुष्कळ ठिकाणी जुळेल. तीसहून अधिक वर्षे सेवा, सात-आठ बदल्या. निरोपसमारंभात चांगली भाषणे झाली, शाल झाली, डोळे पुसून झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटीचे दोघे जण पाळकनिवासाच्या सामानाची यादी घेऊन हजर. पंखे किती, ट्यूबलाइट किती, खाटा किती. यादीप्रमाणे पाण्याची एक टाकी कमी भरली. ती फुटून टाकून दिली होती, पण नोंद झाली नव्हती. पाळकीणबाई चहा करत होत्या, त्यांनी गॅस बंद केला आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "टाकीचे पैसे आम्ही देऊ." दिलेही. महिन्याच्या आत घर खाली केले. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांना आशीर्वाद देत फिरलेल्या माणसाला स्वतःचे घर नव्हते. धाकट्या भावाच्या घरी एका खोलीत संसार लावला. त्या कमिटीतले लोक वाईट होते असे नाही. ते हिशेबी होते. पण त्यांच्या हिशेबाच्या वहीत टाकीसाठी रकाना होता आणि माणसासाठी नव्हता.

हे असे का झाले याला इतिहास आहे. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले आणि १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणे उभे केले. शाळा, दवाखाने, चर्च उभे राहिले आणि पाळकांचा पगार बहुतांशी मिशनच्या तिजोरीतून येऊ लागला. तिजोरी सातासमुद्रापलीकडच्या देणग्यांतून भरत होती. ज्यांनी नवा विश्वास स्वीकारला ते बहुतेक गावकुसाबाहेरचे, भूमिहीन, पोटाला चिमटा काढून जगणारे. त्यांच्याकडून कोण काय मागणार? स्वातंत्र्यानंतर मिशनरी हळूहळू परत गेले, पैशांचा ओघ आटला. १९७० मध्ये नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. कारभार आपल्या हाती आला, इमारती आणि जमिनी हाती आल्या, त्यांच्यावरून कोर्टकचेऱ्याही हाती आल्या. पण आपला पाळक आपण पोसायचा ही सवय पुष्कळ ठिकाणी आलीच नाही. दरम्यान आपण शिकलो, शिक्षक झालो, परिचारिका झालो, कारकून झालो, पुण्यामुंबईत फ्लॅट घेतले. आपली पायरी बदलली. थैलीत पडणारी नोट मात्र आजोबांच्या गरिबीची सबब सांगत राहिली.

आणि हे फक्त जुन्या मंडळ्यांचे नाही. आता गावोगावी स्वतंत्र पाळक आहेत. त्यांच्या मागे डायसिस नाही, बिशप नाही, मिशनची इमारत नाही. भाड्याच्या खोलीत संगती भरते. या रविवारी जे आले त्यावर हा आठवडा. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळे थेट १६ नोव्हेंबरला उघडली. पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली ती ७ ऑक्टोबर २०२१ पर्यंत. हिशेब करा, किती रविवार थैली फिरली नाही? त्याच दुसऱ्या लाटेत पाळकांनी एकामागून एक प्रेतक्रिया केल्या, चार-पाच माणसांच्या उपस्थितीत, तोंडाला फडके बांधून. ज्यांना हात धरून बाप्तिस्मा दिला त्यांना माती दिली. नंतर उपासना सुरू झाल्या तेव्हा सगळे म्हणाले, देवाची स्तुती असो, पूर्ववत झाले. एवढे मरण अंगावर घेतलेल्या माणसाला झोप लागते का, हे विचारायचे मात्र राहून गेले.

आपल्याकडे पाळकाला नैराश्य येते हे मान्यच नाही. आलेच तर विश्वास कमी पडला म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत कामाने पिळून निघण्याच्या अवस्थेची नोंद केली. तो आजार म्हणून नोंदवलेला नाही. कामाचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की ही अवस्था येते, असे तिथे म्हटले आहे. म्हणजे दोष त्या माणसाच्या श्रद्धेत शोधण्याआधी कामाच्या व्यवस्थेत शोधायला हवा. ती व्यवस्था कोणी केली आहे? आपणच ना?

शिवाय त्याने बोलायचे कोणाशी? मंडळीतल्या माणसाशी बोलला तर संध्याकाळपर्यंत गावभर. कमिटीशी बोलला तर त्याचा पगार तिच्याच हातात. बिशपांशी बोलला तर बदली त्यांच्या हातात. बायकोशी बोलावे तर लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी घरातही उघड करता येत नाहीत. वसईकडच्या कॅथलिक फादरांना म्हातारपणी संस्था सांभाळते हे खरे, पण संध्याकाळी खोलीचे दार लावल्यावर ते एकटेच असतात. आपण या सगळ्यांना देव्हाऱ्यात बसवले आहे. आणि देव्हाऱ्यात बसवलेल्याला नैवेद्य दाखवतात, जेवलात का म्हणून कोणी विचारत नाही.

त्यागाच्या गोष्टी आपल्याला फार आवडतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे नाव घेताना आपली छाती फुगते आणि फुगावीच. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा, १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून 'देवाचा दरबार' आणि १९१९ मध्ये देहावसान. पण एकदा लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' त्या दृष्टीने वाचून पाहा. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे आणि त्यांच्या औदार्याचा हिशेब बाईंच्या चुलीपाशी जुळवला जाई. त्या हसतहसत लिहितात म्हणून आपणही हसत वाचतो. लक्ष्मीबाई लोकोत्तर होत्या. नवऱ्याच्या मागे त्यांचे अपुरे 'ख्रिस्तायन' त्यांनी पूर्ण केले. पण प्रत्येक पाळकीणबाईने लक्ष्मीबाई असावे ही अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला काय अधिकार? त्यांना ना नेमणूक, ना पगार. तरी शब्बाथशाळा त्यांनी घ्यावी, महिलामंडळ त्यांनी चालवावे, पाहुण्यांचे त्यांनी करावे, आणि साडी जरा बरी नेसली तर पैसे कुठून आले याची चर्चा आपण करावी! आता काही ठिकाणी बायकाही दीक्षित पाळक आहेत. त्यांच्याकडून तर पाळकाचे काम आणि पाळकीणबाईचेही, अशी दुहेरी अपेक्षा असते. पाळकाच्या मुलांचे विचारूच नका. दर तीन-चार वर्षांनी शाळा बदलते. नापास झाले तरी चर्चा, सिनेमाला गेले तरी चर्चा. अशी मुले माझ्या वर्गात होती. नाव विचारले की ती आधी वडिलांचे पद सांगत आणि मग जपून बसत.

पवित्र शास्त्र याबाबतीत आपल्यापेक्षा कितीतरी व्यवहारी आहे. अमालेकाशी लढाई चालली असताना मोशेचे हात जड झाले, तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याचे हात धरले, ही गोष्ट आपण शंभरदा ऐकली आहे. पण हात धरण्याच्या आधी त्यांनी काय केले? एक धोंडा आणून त्याला खाली बसवले! एलीया रानात रतामाच्या झुडपाखाली जाऊन मरण मागू लागला. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. प्रश्न विचारले ते पुढे, होरेब डोंगरावर. इथ्रोने तर जावयाला स्पष्टच सांगितले की एकट्याने सगळ्यांचा न्याय करत बसशील तर तूही झिजशील आणि लोकही. आणि पौलाने तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना त्रोवसात राहिलेला झगा मागवला, पुस्तके मागवली, हिवाळ्याआधी ये म्हणून कळवले. आपल्यासाठी प्रार्थना करा असे त्याने मंडळ्यांना अनेकदा लिहिले आहे. पण थंडी वाजत होती तेव्हा झगाही मागितला. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

आता आक्षेपांकडे वळते.

पहिला आक्षेप असा की, सगळेच पाळक गरीब बिचारे नसतात, काही जण मोठ्या गाडीतून फिरतात, काहींनी मंडळीचे पैसे खाल्ले, काहींचे वागणे चांगले नव्हते. अगदी खरे आहे. अशांची चौकशी व्हावी आणि गुन्हा असेल तर पोलिसांत जावे. पाळकाला आधार देणे म्हणजे त्याच्या दुष्कृत्यावर पांघरूण घालणे नव्हे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याची बाजू आधी. पण हेही पाहा, ज्याला कोणी कधी काही विचारत नाही, हिशेब मागत नाही आणि ख्यालीखुशालीही पुसत नाही, अशाच माणसाचा पाय घसरणे सोपे असते. पाचांच्या चुकांसाठी पन्नासांना उपाशी ठेवणे हा न्याय नाही.

दुसरा आक्षेप, आमची मंडळी गरीब आहे. मिझोराममध्ये शंभर वर्षांहून अधिक काळ बायका स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ चर्चसाठी बाजूला काढतात. तो तांदूळ गोळा होतो, विकला जातो आणि त्यावर सेवाकार्य चालते. ती माणसे श्रीमंत होती म्हणून हे सुरू झाले नाही. आपल्याकडे कापणीच्या सणाला एका नारळाची बोली चढवत नेणारी मंडळी मी पाहिली आहे. पैसा असतो, तो ठरलेल्या तारखेला द्यायची शिस्त नसते.

मग करायचे काय? शिक्षिका आहे, क्रमवारच सांगते.

एक. पगार ठरलेल्या तारखेला द्या. थोडा असेल तर थोडा, पण महिन्याच्या पाच तारखेला म्हणजे पाच तारखेला. त्याला खजिनदाराच्या दारात उभे करू नका.

दोन. म्हातारपणाची तरतूद आजच सुरू करा. राष्ट्रीय पेन्शन योजना २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. गावाकडचा तरुण पाळक अठरा ते चाळीस वयातला असेल आणि आयकर भरत नसेल तर २०१५ ची अटल पेन्शन योजना आहे. साठीनंतर महिना एक ते पाच हजार. फार नाही, पण भावाच्या दारात रिकाम्या हाताने जावे लागत नाही. हप्ता मंडळीने भरावा. जोडीला कुटुंबाचा आरोग्यविमा काढावा.

तीन. आठवड्याचा एक दिवस त्याचा. रविवार आपल्या सुट्टीचा, त्याच्या कामाचा. सोमवार ठरवा आणि त्या दिवशी मरण आणि दवाखाना सोडून दुसऱ्या कशासाठीही फोन करू नका. दाखल्याची सही मंगळवारी झाली तर आकाश कोसळत नाही.

चार. बोलायला माणूस द्या. पगार आणि बदली ज्याच्या हातात नाही असा कोणीतरी, दुसऱ्या भागातला निवृत्त पाळक किंवा शिकलेला समुपदेशक. खर्च मंडळीने करावा आणि काय बोलणे झाले ते विचारू नये. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवाही २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६, आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक चर्चच्या फलकावर लावा. पाळकाच्या उपयोगाचा आहे तसा आपल्याही.

पाच. तक्रार असेल तर तोंडावर सांगा. पूर्वी बिशपांना निनावी पत्रे जात, आता व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टोमणे जातात. हस्ताक्षर लपवायचे कष्ट वाचले एवढाच फरक.

आणि पाळकसाहेबांनाही एक सांगायचे आहे, वयाने मोठी म्हणून. साहेब, नाही म्हणायला शिका. सगळीकडे आपणच पाहिजे हा आग्रह आमचा आहे तसा थोडा तुमचाही आहे. कमिटीतल्या चार जणांना आजाऱ्यांच्या भेटी वाटून द्या. इथ्रोचे मोशेने ऐकले, यात त्याचे मोठेपण कमी झाले नाही.

असो. लांबले खरे. या रविवारी उपासना सुटल्यावर एक करा. खजिनदारांना गाठून दोनच प्रश्न विचारा. पाळकसाहेबांचा गेल्या महिन्याचा पगार किती तारखेला दिला? आणि ते निवृत्त होतील तेव्हा कुठे राहणार आहेत? उत्तर मिळाले तर आनंद आहे. खजिनदारांनी छताकडे पाहिले तर मागे हटू नका, येत्या वार्षिक सभेत हेच दोन प्रश्न लेखी द्या. प्रार्थना त्यानंतर करू. तेव्हा आमेन म्हणताना आवाज जरा अधिक मोकळा निघेल.